निशाणी अंगठ्याची, कुलूप फोनचे

जालना, अंबड, भोकरदन यांसारख्या तालुक्याच्या ठिकाणी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत ज्याने एखाद्या जुन्या खरेदीखताची नक्कल चाळली असेल, त्याला दस्तऐवजाच्या तळाशी लिहून देणाराच्या नावापुढे उमटलेला काळ्या-निळ्या शाईचा लांबट ठसा आणि त्याच्या बाजूस दस्तलेखकाने वळणदार हाताने लिहिलेले ‘निशाणी डावा अंगठा’ हे शब्द खचितच आठवत असतील. अक्षरशत्रू कुणब्याची ती सही होती, आणि ज्याला लिहिता येत होते तो तिच्याकडे किंचित अनुकंपेने व पुष्कळदा उघड तुच्छतेने पाहत असे. ‘अंगठेबहाद्दर’ ही शिवी याच दृष्टीतून जन्मली. आज त्याच कुणब्याचा पदवीधर नातू खिशातला फोन उघडण्यासाठी, बँकेतली शिल्लक पाहण्यासाठी, मोंढ्यातल्या व्यापाऱ्याचे देणे चुकते करण्यासाठी दिवसभर अंगठा टेकवीत असतो आणि त्यात त्याला तिळमात्रही कमीपणा वाटत नाही. निरक्षराची निशाणी साक्षराची किल्ली झाली, हे स्थित्यंतर मोठे मौजेचे आहे. मात्र जी वस्तू आपण जाऊ तेथे, पाण्याच्या पेल्यावर, दाराच्या कडीवर, सोडून येतो, ती किल्ली होण्यास कितपत लायक आहे, हा प्रश्न ही मौज अनुभवताना सहसा कोणी विचारीत नाही. आणि जालन्यासारख्या जिल्ह्यात, जेथे रास्त भावाच्या धान्यापासून निराधारांच्या अनुदानापर्यंत बहुतेक सर्व व्यवहार बोटाच्या ठशावर येऊन ठेपले आहेत, तेथे तर तो सर्वांत आधी विचारला पाहिजे.

समोरचा माणूस तोच आहे हे ओळखावे कसे, ही चिंता राज्यकर्त्यांना फार पुरातन आहे. पानिपतानंतर आपणच सदाशिवरावभाऊ आहोत असे सांगत फिरणारा सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण पेशवाईच्या कैदेत पडला, १७७६ साली रत्नागिरीहून सुटला, आणि पाहता पाहता कोकणातील किल्ले त्याच्या ताब्यात गेले. शहाणीसुरती माणसेही त्याच्या बाजूस झुकली, आणि पुण्यात रीतसर चौकशी होऊन त्याला देहान्त शासन होईपर्यंत मराठी राज्याची झोप उडाली होती. चेहरा, आवाज, जुन्या आठवणी आणि अंगावरच्या खुणा यांवाचून त्या चौकशी करणारांजवळ दुसरे साधन नव्हते. कागदाच्या बाबतीत मात्र मराठी दफ्तर अधिक सावध होते. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपताच मोर्तब, म्हणजे मध्ये कोणाला एक ओळही घुसडता येऊ नये, असा बंदोबस्त असे. आणि गावच्या महजरावर पाटील आपली निशाणी म्हणून नांगर काढीत असे. नांगर कोणीही काढू शकतो, हे त्या काळच्या लोकांना कळत नव्हते असे नव्हे. नांगर काढताना चार साक्षीदार समोर बसलेले असत, आणि खरा पुरावा ते साक्षीदार होते.

बोटाच्या ठशाने या साक्षीदारांची गरज कमी केली, आणि तीही याच देशात. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या सनदी अधिकाऱ्याने रस्त्याच्या मालाचा मक्ता घेणाऱ्या राज्यधर कोनाई या इसमाच्या पंजाचा ठसा करारनाम्यामागे घेतला तो केवळ धाक म्हणून, उद्या त्याने सही नाकारू नये एवढ्यासाठी. पुढे १८७७ मध्ये हुगळी जिल्ह्यात त्याच अधिकाऱ्याने निवृत्तिवेतन घेणारांचे ठसे घेण्याचा शिरस्ता सुरू केला, कारण मृत माणसाच्या नावाने जिवंत माणसे पैसे उचलीत होती. कलकत्त्यास १८९७ साली जगातील पहिल्या काही अंगुलिमुद्रा कचेऱ्यांपैकी एक उघडली, आणि एडवर्ड हेन्री यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या वर्गीकरणाचे गणित बसविण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन एतद्देशीय कर्मचाऱ्यांचा वाटा मोठा होता. हे गणित मराठी वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे सामुद्रिक जाणणारा ज्योतिषी दहा बोटांवर शंख किती आणि चक्रे किती हे मोजून भाग्य सांगतो. हेन्रींच्या पद्धतीतही मूळ प्रश्न तोच असतो, दहांपैकी कोणत्या बोटांवर चक्र आहे, आणि त्यावरून सर्व मनुष्यजातीचे १,०२४ कप्पे पडतात. ज्योतिषी तेथून राजयोगाकडे जातो आणि फौजदार गुन्हेगाराकडे, इतकाच भेद.

फोनवरचा अंगठा कसे काम करतो, हे आता थोडक्यात पाहू. काचेखालचा किंवा कडेच्या बटणातला संवेदक बोटाच्या कातडीवरील उंचवटे आणि खाचा विद्युतभारातील फरकाने, प्रकाशाने अथवा कानास न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरींनी टिपतो; त्यातून रेषा कोठे संपते, कोठे तिला फाटा फुटतो, अशा काही बिंदूंचा नकाशा तयार होतो; आणि हा नकाशा फोनच्या मुख्य स्मरणात न राहता एका स्वतंत्र, बंदिस्त कप्प्यात ठेवला जातो. तुम्ही बँकेच्या ॲपवर बोट टेकवता तेव्हा ते बोट बँकेकडे जात नाही. फोन आपल्याच पोटात पडताळणी करतो आणि बँकेला फक्त ‘धनी हाच’ एवढी, सांकेतिक किल्लीने मोहोरबंद केलेली ग्वाही देतो. हा मुद्दा मी पुनःपुन्हा सांगणार आहे, कारण पुढचे सारे विवेचन त्यावर उभे आहे: आपल्या फोनवर लावलेला अंगठा आपल्याच हातात राहतो, दुसऱ्याच्या यंत्रावर लावलेला अंगठा आपल्या हाताबाहेर जातो.

ॲपलने सप्टेंबर २०१३ मध्ये आयफोनच्या बटणात ही सोय आणली तेव्हा जर्मनीतील केऑस कॉम्प्युटर क्लब या तंत्रज्ञ मंडळीने काही दिवसांतच काचेवरून उचललेल्या ठशाचे नकली बोट करून तो फोन उघडून दाखविला. त्याहीपूर्वी २००२ साली जपानी संशोधक त्सुतोमु मात्सुमोतो यांनी मिठाईत वापरतात त्या जिलेटिनची बोटे ओतून त्या काळची कितीतरी यंत्रे फसविली होती. २०१४ मध्ये तर त्याच जर्मन मंडळींपैकी एकाने जर्मनीच्या तत्कालीन संरक्षणमंत्री उर्सुला फॉन देर लायेन यांच्या अंगठ्याचा ठसा नुसत्या छायाचित्रांवरून तयार केल्याचे जाहीर केले. ही उदाहरणे ऐकून वाचकाने लगेच फोनवरील अंगठा पुसून टाकण्याचे कारण नाही. नकली बोट करणाऱ्याला तुमचा ठसा पाहिजे, तुमचा फोनही पाहिजे, आणि फोनने पुन्हा संकेतांक मागण्याच्या आत दोन्ही पाहिजेत. जालन्याच्या बसस्थानकावर खिसा कापणाऱ्या भामट्याला एवढी सवड नसते. त्याच्याविरुद्ध अंगठ्याचे कुलूप उत्तम आहे. जन्माचे साल किंवा चार वेळा एक असा संकेतांक चारचौघांत बोटाने दाबण्यापेक्षा ते कितीतरी बरे, कारण खांद्यावरून डोकावणाऱ्याला अंगठा पाठ करता येत नाही.

घरच्या घरी मात्र हे कुलूप मोठे भाबडे ठरते. नोव्हेंबर २०१७ मध्ये दोह्याहून बालीला निघालेल्या विमानात एका बाईने झोपलेल्या नवऱ्याचे बोट धरून त्याचा फोन उघडला, आत जे दिसले त्यावरून आकाशात असा काही गदारोळ माजला की वैमानिकाला विमान चेन्नईस उतरवावे लागले. संकेतांक झोपेत चोरता येत नाही. आपल्याकडे तर फोन कुटुंबाचा असतो. बापाच्या फोनवर मुलाचे, सुनेचे आणि कधी कधी शेजाऱ्याचेही बोट नोंदलेले आढळते, आणि ज्याचे बोट नोंदलेले त्याला त्या फोनवरील बँकेचीही वाट मोकळी होते, हे नोंदविणाऱ्याच्या ध्यानीमनी नसते.

आता दुसऱ्याच्या यंत्राकडे वळू. मंठा, घनसावंगी किंवा परतूर तालुक्यातील कोणत्याही बाजारगावी ‘मिनी बँक’ अशी पाटी लावलेल्या दुकानात महिन्याच्या सुरुवातीस गेलात तर हा प्रसंग हमखास दिसेल. टेबलावर काड्यापेटीहून थोडे मोठे यंत्र असते, त्याच्या काचेतून तांबडा उजेड येतो. श्रावणबाळ योजनेचे अनुदान काढायला आलेली म्हातारी त्यावर अंगठा ठेवते आणि दुकानदार मान हलवतो. “मावशी, हात पुसा. जरा दाबून लावा.” म्हातारी पदराने बोट पुसते, पुन्हा लावते. “आता मधलं बोट.” तेही लागत नाही. “कापूस येचू येचू रेघाच गेल्या रं बाबा,” ती म्हणते, आणि ते शब्दशः खरे असते. उन्हातान्हात निंदण-खुरपण करणारी, जात्या-पाट्याची सवय असलेली, किंवा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत तापल्या सळयांपाशी आयुष्य काढलेली बोटे यंत्राला वाचता येत नाहीत. अखेर कोणते तरी बोट लागते, पडद्यावर हिरवी खूण उमटते, दुकानदार नोटा मोजून देतो, म्हातारी त्या कमरेला खोचते आणि निघते. पावती ती मागत नाही. मागितली तरी तिला वाचता येत नाही. आणि ‘लागलं नाही, पुन्हा लावा’ असे दुकानदार म्हणाला तेव्हा ते खरोखरच लागले नव्हते की लागून एक रक्कम निघून गेली होती, हे सांगायला तिच्याजवळ ना फोन आहे ना साक्षीदार. बहुसंख्य दुकानदार प्रामाणिक आहेत आणि त्यांनी बँक वेशीपर्यंत आणली हे त्यांचे उपकार आहेत. पण लबाडी करणाऱ्याला ही व्यवस्था किती सोयीची आहे, हे पोलिसांकडे देशभर आलेल्या फिर्यादींनी दाखविले आहे.

या व्यवहारात लागते काय? आधारचा बारा आकडी क्रमांक, बँकेचे नाव आणि बोट. संकेतांक नाही, फोनवर येणारा ओटीपी नाही. आधारची पहिली पत्रे २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील तेंभली या आदिवासी गावी वाटली गेली, तेव्हा उद्देश माणसाला ओळख मिळवून देण्याचा होता. पुढे त्याच ओळखीवर तिजोरीचे दार बसविण्यात आले. ओळख पटविणे आणि पैसे देण्यास संमती देणे ही दोन भिन्न कृत्ये आहेत, आणि ती एकाच बोटावर टाकण्यात धोरणकर्त्यांची चूक झाली, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण ठसा मिळविणे मुळीच कठीण नाही. तेलंगणातील पेद्दपल्ली जिल्ह्यात २०१८ साली सिमकार्ड विकणारा एक तरुण पकडला गेला. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरील खरेदीखतांवरून लोकांचे अंगठे घेऊन, रबरी शिक्के करण्याच्या यंत्रावर त्यांच्या प्रतिकृती काढून, त्याने त्यांच्या नावे सिमकार्डे चालू केली होती. पुढे २०२२-२३ च्या सुमारास निरनिराळ्या राज्यांत याच युक्तीने, सिलिकॉनच्या अंगठ्यांनी, लोकांच्या खात्यांतून पैसे काढले जाऊ लागले. येथे एक विलक्षण विसंगती लक्षात घ्यावी. १९०८ च्या नोंदणी कायद्यात २००१ साली घातलेल्या ३२-अ कलमान्वये मालमत्तेच्या दस्तावर उभय पक्षांची छायाचित्रे आणि बोटांचे ठसे लावणे सक्तीचे झाले ते तोतयेगिरी थांबावी म्हणून. आणि तोतयांना आयते ठसे मिळाले तेही त्याच दस्तांतून. आधार प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ठशाबरोबरच बोट जिवंत माणसाचे आहे की नाही हे पारखणारी नवी तपासणी अमलात आणल्याचे जाहीर केले. सुधारणा चांगली आहे, पण शर्यत संपली असे समजू नये. पासवर्ड फुटला तर नवा घेता येतो, बोटे मात्र दहाच. अमेरिकन सरकारच्या कर्मचारी विभागातून २०१५ मध्ये उघडकीस आलेल्या चोरीत सुमारे ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसे गेले, आणि ते लोक आजही त्याच बोटांनी वावरत आहेत.

मग पासवर्डच बरा, असे म्हणावे तर त्याची हकीकत जालना जिल्ह्यानेच जगाला ऐकविली आहे. २०२२ ते २०२४ या काळातील अतिवृष्टी आदी आपत्तींचे अनुदान वाटताना अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत बनावट लाभार्थी घुसडून कोट्यवधींचा अपहार झाल्याचे २०२५ साली चव्हाट्यावर आले, तलाठ्यांसह अनेक कर्मचारी निलंबित झाले, गुन्हे नोंदले गेले. आणि चौकशीत वारंवार पुढे आलेला आरोप असा की वरिष्ठ अधिकाऱ्यांचे लॉगिन आणि पासवर्ड भलत्याच हातांनी वापरले गेले. कोण दोषी हे न्यायालय ठरवील. परंतु ज्याने कोणतीही सरकारी कचेरी आतून पाहिली आहे त्याला यात नवल वाटणार नाही. पासवर्डची चिठ्ठी संगणकाच्या कडेला चिकटवलेली असते, साहेब दौऱ्यावर असले म्हणजे कारकून ‘साहेबांच्या आयडीवरून’ काम उरकतो, आणि त्यात आपण साहेबांचा शिक्का चोरून उठवीत आहोत असे त्याला स्वप्नातही वाटत नाही. पेशव्यांचा शिक्का बाळगणाऱ्याने तो असा ओट्यावर टाकून ठेवला असता तर त्याची काय गत झाली असती याची कल्पना करावी! अशा ठिकाणी बोटाची हजेरी हवीच, कारण अंगठा निदान सहजासहजी उसना देता येत नाही. म्हणून कचेरीत पासवर्डच्या जोडीला अंगठा पाहिजे आणि बाजारात अंगठ्याच्या जोडीला संकेतांक पाहिजे. आपल्याकडे झाले आहे ते नेमके उलटे.

आणि तरीही, हल्लीच्या चोऱ्यांपैकी पुष्कळशा चोऱ्यांत कुलूप फोडलेच जात नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मराठवाड्यातीलच हिंगोली येथील एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचे निमंत्रण आले. पत्रिका उघडावी म्हणून त्याने त्यावर बोट ठेवले आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. ती पत्रिका नव्हती. तिच्या नावाच्या अखेरीस ‘एपीके’ ही तीन अक्षरे होती, म्हणजे फोनमध्ये नवे ॲप बसविणारी ती फाइल होती. लग्नसराईत पत्रिका, शेतकऱ्याला किसान योजनेचा हप्ता, मोटारसायकलवाल्याला आरटीओचे चलन, अशी ज्याला जी चिंता त्याला ते आमिष. असे ॲप एकदा आत बसले आणि मालकाने विचार न करता साऱ्या परवानग्या देऊन टाकल्या, की ते बँकेचे संदेश वाचते, पडद्यावर काय चालले आहे ते पाहते आणि प्रसंगी स्वतःच बटणे दाबते. दारावरचा पहारेकरी कितीही चोख असला तरी त्याचे काम धन्याला आत सोडणे एवढेच; धन्याने पाठीवरून कोणाला आणले आहे हे तो पाहत नाही. केंद्रीय गृहखात्याने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत लोकांचे २२,८४५ कोटी रुपये बुडाले, आणि त्याच्या आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटींचा होता. जेथे चोरी बँकेच्या स्वतःच्या यंत्रणेतच होते, जशी पुण्याच्या कॉसमॉस बँकेत ऑगस्ट २०१८ मध्ये झाली आणि ९४ कोटींहून अधिक रक्कम देशोदेशींच्या एटीएममधून व परदेशी खात्यात गेली, तेथे तर खातेदाराचा अंगठा, फोन आणि दक्षता या सर्वच गोष्टी गैरलागू ठरतात.

चेहरा दाखवून फोन उघडण्याची टूम आता अंगठ्याला मागे सारू पाहत आहे. महागड्या फोनमध्ये अदृश्य किरणांनी चेहऱ्याचा उंचसखलपणा मोजला जातो; स्वस्त फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याने काढलेल्या सपाट प्रतिमेवर भागते, आणि असे कितीतरी फोन आपल्या सेटिंगमध्ये स्वतःच बजावतात की तुमच्यासारखा दिसणारा माणूस हे कुलूप उघडू शकेल. ती सूचना वाचतो कोण? चेहऱ्याच्या चोरीचा नवा प्रकार २०२४ च्या प्रारंभी उजेडात आला तो थायलंडमध्ये. तेथे मोठ्या रकमा पाठविताना चेहरा दाखविण्याचा नियम झाल्यावर चोरांनी निवृत्तिवेतन खात्याच्या नावाचे खोटे ॲप काढले, ‘मान डावीकडे वळवा, डोळे मिटा, हसा’ असे सांगून वृद्धांच्या चेहऱ्यांची चित्रफीत घेतली, आणि तीवरून कृत्रिम बुद्धिमत्तेने बोलता-हलता चेहरा बनविण्याची सामग्री जमविली. आपल्याकडेही निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला चेहऱ्यावरून देण्याची सोय २०२१ पासून आहे, आणि ती अंथरुणाला खिळलेल्यांना वरदान ठरली आहे. पण ‘दाखला राहिला आहे, या दुव्यावर चेहरा दाखवा’ असा संदेश उद्या एखाद्या निवृत्त गुरुजींना आला, तर तो कोणाकडून आला हे तपासण्याची सवय त्यांना आजपासूनच लागली पाहिजे. पोलिसी गणवेशात पडद्यावर येऊन ‘डिजिटल अटक’ करणाऱ्या तोतयांविषयी वृत्तपत्रांतून इतके लिहून आले आहे की येथे एकच वाक्य पुरे: भारतीय कायद्यात अशी अटक नाही.

कायद्याचा विषय निघाला म्हणून एक जुना निकाल सांगण्याजोगा आहे. तत्कालीन मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने १९६१ साली ठरविले की आरोपीच्या बोटांचे ठसे घेणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडणे नव्हे, कारण ठशातून तो आपल्या मनातील काही सांगत नाही. त्या न्यायमूर्तींसमोर मोबाइल फोन नव्हता, आणि आजच्या फोनला हा निकाल जसाच्या तसा लावावा काय याविषयी वकिलांत वाद आहे. तथापि त्यातील भेद सामान्य माणसानेही घ्यावा असा आहे: अंगठा जगाला दिसतो, संकेतांक मनात असतो. जे दिसते त्याने माणूस कोण हे सांगावे. जे मनात आहे त्याने त्याची संमती सांगावी.

व्यवहारही हळूहळू याच दिशेने चालला आहे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या, आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू केलेल्या निर्देशांत, केवळ एसएमएसने येणाऱ्या ओटीपीवर विसंबून न राहता बँकांनी इतर साधनेही वापरावीत असा मार्ग खुला केला, आणि पुढच्याच महिन्यात यूपीआयवर फोनमधील बोटाने वा चेहऱ्याने देणी चुकविण्याची सोय मुंबईत जाहीर झाली. फोनच्या पोटातली पडताळणी असल्यामुळे ही सोय सिलिकॉनच्या अंगठ्याला सहजासहजी भीक घालणार नाही. मात्र तिच्यामुळे फोन उघडण्याचा संकेतांक पूर्वीपेक्षाही अनमोल झाला, कारण संकेतांक जाणणारा माणूस नवे बोट नोंदवू शकतो. तेव्हा तो चारऐवजी सहा आकडी असावा, जन्मसालाचा नसावा, आणि फोनमध्ये नोंदलेली परकी बोटे आजच काढून टाकावीत. फोन बंद करून चालू केला म्हणजे, आणि बहुतेक अँड्रॉइड फोनांत तीन दिवसांतून एकदा तरी, तो अंगठा न स्वीकारता संकेतांकच मागतो. त्याचा त्रास मानू नये. ॲप अधिकृत दुकानाबाहेरून घेऊ नये, मग ते पाठविणारा सख्खा भाचा का असेना, कारण भाच्याचाही फोन चोरांच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

राहिला दुसऱ्याच्या यंत्रावरचा अंगठा. आधारच्या अधिकृत ॲपमध्ये आणि संकेतस्थळावर आपले बोट, डोळा व चेहरा यांची पडताळणी कुलूपबंद करण्याची फुकट सोय आहे, आणि ती ठाऊक असलेले लोक फार थोडे आहेत. एकदा कुलूप घातले की सिलिकॉनचा अंगठा तर सोडाच, खरा अंगठाही चालत नाही. धान्य आणायच्या वा पैसे काढायच्या दिवशी ते थोड्या वेळापुरते उघडावे लागते, आणि विसरलात तर रास्त भाव दुकानातून रिकाम्या हाताने परतावे लागते. ज्याच्याजवळ एटीएम कार्ड आणि फोन आहे त्याने हे कुलूप विनाविलंब घालावे. कापूस वेचणाऱ्या त्या मावशीला मात्र ही सोय गैरसोयच होईल, कारण तिला बँकेचा दुसरा रस्ताच नाही. तिच्यासाठी पावती मागणारा कोणीतरी बरोबर पाहिजे आणि तिच्या खात्याला घरातल्या एखाद्या विश्वासू माणसाचा फोन क्रमांक जोडलेला पाहिजे, म्हणजे प्रत्येक रक्कम निघताच संदेश येईल.

हे काम सरकारी फलकांनी होणारे नाही. जालना, बदनापूर, जाफराबादच्या महाविद्यालयांतून शिकणाऱ्या मुलामुलींना माझे सांगणे असे आहे की पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा आजी-आजोबांच्या आधारला फोन क्रमांक जोडलेला आहे की नाही ते पाहा, नसल्यास आधार केंद्रावर नेऊन जोडून घ्या, आणि ज्यांना शक्य आहे त्यांचे कुलूप लावून ते उघडायचे कसे हेही शिकवा. आधारविषयक तक्रारीसाठी १९४७ हा क्रमांक आहे. खात्यातून पैसे गेल्याचे कळताच पहिला फोन १९३० वर करावा, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो आणि पहिल्या तासा-दोन तासांतच तो अडविता येतो. त्यानंतर बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. चूक तुमची नसेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही तक्रार केली असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेल्या नियमाप्रमाणे त्या नुकसानीचा एक रुपयाही तुमच्या माथी मारता येत नाही.